पद्मीन सिस्टर आणि न मोजलेली पोरं

मला माणसांची किळस येते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी तोंड वाकडं करायला नको. सव्वीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटतोय. आमचं आरोग्य केंद्र बेंबळीच्या पुढं आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगावं असं त्या गावानं काही ठेवलेलं नाही. खिडकीतून आत येणारा हात तेवढा मला दिसतो. त्याच हातानं नाक शिंकरलेलं असतं, त्याच हातावर चुना मळलेला असतो, आणि त्याच हातात गोळ्या घेऊन माणूस विचारतो, "पान्यासंग घ्यायच्या का?" नाही, देवाला वाहायच्या!

पण माझी किळस बसल्या जागची. पद्मीन सिस्टरांची किळस पायी फिरायची. वाडी, वस्ती, तांडा करत ती लोकांच्या चुलीपर्यंत जायची आणि पोराच्या टाळूवरचं कुजकं तेल बोटानं खरवडून आजीच्या नाकाखाली धरायची. "हुंगा. हुंगा म्हनते ना! ह्यानं टाळू भरत न्हाय, पोर भरतंय मातीत."

सिस्टर तुळजापूरकडच्या. बुटक्या, रुंद, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहऱ्यावर सगळ्यात पुढं नाक. बाळंतिणीच्या खोलीत शिरायच्या आधी त्या उंबऱ्यावर थांबायच्या आणि दोनदा हवा ओढायच्या.

"बेंबीला काय लावलंय?"

"काय न्हाय बाई, देवाशपथ."

"शेणाची राख. करडीच्या तेलात. आना ते लेकरू हिकडं, आन देवाला मधी घालू नका."

शंभरातल्या नव्वद वेळा राखच निघायची. उरलेल्या दहा वेळा तपकीर.

एकदा सरपंचांची आई नातवाला मध चाटवत होती. दाढेपासून दाढेपर्यंत मिश्री लावून झालेली, तेच काळं बोट मधात आणि मधातून पोराच्या तोंडात. सिस्टरांनी ते बोट धरलं आणि म्हातारीला तशीच अंगणातल्या नळापाशी नेली. संध्याकाळी सरपंच दवाखान्यात फणफणत आले. सिस्टर म्हणाल्या, "तुमची आई हाय म्हनून साबनानं धुतलं. दुसरी कोन असती तर फिनेल घेतलं असतं." सरपंचांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कुणाच्या घरी त्या पाण्याचा थेंब घेत नसत. पण चहाला नाही म्हणायच्या नाहीत. कप घ्यायच्या, गोड हसायच्या आणि माझ्याकडं सरकवायच्या. "भाऊ, मला आज उपास हाय, तुमी घ्या." पोलिओच्या फेरीत मी त्यांच्या उपासाचे अकरा चहा प्यालोय. एकात माशी होती. सिस्टरांनी ती कप देण्याआधीच पाहिली होती, हे त्यांनी मला घरी पोचल्यावर सांगितलं.

तर अशी ही बाई. कुणाचीही भीड नाही, तोंडाला कुलूप नाही. फक्त एका ठिकाणी त्यांचं तोंड बंद व्हायचं, आणि सगळं तिथंच घडलं.

आमच्याकडं एक रीत आहे. बाईला दिवस गेले की तिची आधीची गेलेली पोरं मोजायची नाहीत. गेलेल्याचं नाव घेतलं की ते येणाऱ्याला ओढून नेतं, असं म्हणतात. बारशाआधी गेलेलं तर मोजण्यात कधी धरतच नाहीत. ते झालंच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोंदणीच्या वेळी सिस्टर विचारायच्या, "कितवी खेप?" सासू सांगेल ते लिहायच्या. शेणाची राख उंबऱ्यावरून हुंगणाऱ्या बाईला पोट बघून कळत नसेल का, की ही पहिलटकरीण नाही म्हणून? कळायचं. पण त्या पुढं विचारायच्या नाहीत. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "माझ्या आईला कुनी गेलेल्या पोराचं विचारलं की ती दोन दोन दिस जेवायची न्हाय. ऱ्हाऊ द्या भाऊ. जित्यांची घान काढायला मी हाय. मेलेल्यांचं त्यांच्यापाशी."

मला ते तेव्हा मोठं थोर वाटलं होतं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

सविता ही मेंढपाळांच्या वस्तीवरची सून. माहेर परंड्याकडचं. तिची पहिली दोन बाळंतपणं रिवाजाप्रमाणं माहेरी झाली होती. दोन्ही पोरं तिकडंच गेली, एक सात महिन्यांचं होऊन, दुसरं पाच महिन्यांचं. म्हणून तिसऱ्या वेळी सासूनं तिला माहेरी धाडलं नाही. तिथली जागा वाईट म्हणे. आमच्याकडं नोंदणीला आणली तेव्हा सविता खाली मान घालून उभी होती. सासूच बोलली. "पहिलटकरीण हाय."

सिस्टरांनी पोट तपासलं. सविताच्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं. आणि लिहिलं, पहिली खेप.

मुलगा झाला. चांगला तीन किलोचा, काळाभोर जावळ. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. मी फ्रीजमधून बीसीजीची कुपी काढून दिली, सिस्टरांनी डाव्या दंडावर सुई टोचली. बारीक फोड उठला तसा त्या समाधानानं म्हणाल्या, "शाब्बास, वाघा!" ही क्षयाची लस. देशातल्या सगळ्या पोरांना देतात, तशीच. माझ्या पोरांना दिली, तुमच्याही पोरांना दिली असेल. दंडावर व्रण उरतो आणि माणूस विसरून जातो.

ह्या पोराचा व्रण भरलाच नाही. अडीच महिन्यांचा झाला तेव्हा दंडावर रुपयाएवढी जखम वाहत होती आणि काखेत सुपारीएवढी गाठ. तोंडात पांढरा थर, बोळ्यानं पुसला तरी तासाभरानं पुन्हा येणारा. हगवण थांबेना. छाती घरघरत होती. आणि जखमेवर काय लावलं होतं? एका बाबाचा अंगारा आणि मेंढीच्या लेंड्यांची राख! तो वास मला अजून येतो. पोर कण्हत होतं, त्याच्या जखमेवर माशा, आणि सासू म्हणत होती, "नजर लई वंगाळ लागलीय बाई, उतरतच न्हाय."

सिस्टरांनी जखम धुतली. त्या दिवशी त्या कुणावर ओरडल्या नाहीत. धुता धुता सविताला हळूच म्हणाल्या, "आधीच्यांचं बी असंच झालं व्हतं?"

सविता रडायलाच लागली. सासूनं तिच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं हिला आता ही इथंच चावते. "तोंडातबी असंच पांढरं व्हतं बाई," सविता म्हणाली. "दोघांच्याबी."

तासाभरात आम्ही सोलापूरच्या रस्त्याला होतो. मला यायचं नव्हतं, खरं सांगतो. सिस्टर म्हणाल्या, "चला भाऊ. कुपी तुमच्या फ्रीजातली हाय." मी फ्रीजला कुलूप लावलं आणि निघालो.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रक्त मुंबईला पाठवलं. अहवाल आला तसा तिनं आम्हाला बसवून समजावलं, आणि त्या सबंध प्रकरणात माणसासारखं वागलेलं ते एकच माणूस. ती म्हणाली, रोगाशी लढणाऱ्या पेशी अंगात कशा बनवायच्या, याचा मजकूर जनुकांत लिहिलेला असतो आणि तो आईबापाकडून येतो. ह्या पोराच्या त्या मजकुरात एके ठिकाणी चूक आहे. म्हणून त्याच्या अंगात राखणच तयार झाली नाही. ही चूक एक्स गुणसूत्रावर बसलेली आहे. बाईकडं ती गुणसूत्रं दोन असतात. एकावर चूक असली तरी दुसरं निभावून नेतं, म्हणून बाईला काही होत नाही, तिला पत्ताही नसतो. मुलाला आईकडून एकच मिळतं. चांगलं आलं तर मुलगा ठणठणीत, चुकीचं आलं तर भागवायला दुसरं नाही. प्रत्येक मुलाला निम्मा धोका. मुली जगतात आणि काहीजणी ती चूक पुढं नेतात.

"जन्मल्या जन्मल्या कळलं असतं," ती म्हणाली, "तर त्याला जपलं असतं, दुसऱ्याचा बोनमॅरो देऊन बघता आला असता. जगलीत अशी मुलं. पण बीसीजीत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले. इतर मुलांना त्यांचं काही होत नाही, फायदाच होतो. ह्याच्या अंगात ते मोकाट वाढले. घरात आधीचे मुलगे असे गेलेले असतील तर रक्त तपासल्याशिवाय ही लस द्यायची नसते. लस देणाऱ्याला माहीत नव्हतं का?"

मी जमिनीकडं पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "मी दिली. माहीत न्हवतं असं म्हनता यायचं न्हाय. पोट बघून कळलं व्हतं. विचारलं न्हाय."

पोर तिथंच गेलं. साडेतीन महिन्यांचं होतं.

त्यानंतर सिस्टर रजा काढून सविताच्या माहेरी गेल्या आणि तिच्या आईपुढं बसून सगळ्या आयुष्यात न विचारलेलं विचारून आल्या. आईचेही दोन मुलगे गेलेले. मावशीचा एक. आजीचे किती, ते कुणाला सांगता येईना. एकाला म्हणे दात बाधले, एकाला नजर लागली, एकावर सटवाई कोपली. चार गावांत ही पोरं पुरली, प्रत्येकाचं निराळं कारण, आणि सगळ्यांच्या तोंडात तोच पांढरा थर! एका चुलीपाशी बसून कुणी कधी मोजलंच नाही. मोजायची चाल नाही ना. थू असल्या चालीवर!

दहाव्यानंतर सिस्टर वस्तीवर गेल्या. त्यांना वाटलं, नीट समजावलं तर सविताच्या पाठीमागची पांढऱ्या पायाची, करणीची, कुळबुडवीची कटकट मिटेल. सासरा बिरा आबा. सत्तरीचा, मेंढरांतला दर्दी माणूस, कुठल्या मेंढीची पणजी कुठल्या बाजारात घेतली हेही सांगणारा. त्यानं सगळं मन लावून ऐकलं.

"म्हंजी मेंढीकडनं येतं म्हना की."

"व्हय आबा, तसंच."

"मेंढीला काय व्हत न्हाय. नर कोकरू तेवढं जातं."

"अगदी बराबर!" सिस्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी पहिल्या झटक्यात समजलं होतं.

आबानं चिलीम झटकली. "मंग असली मेंढी कळपात कोन ठिवतंय?"

मी त्या बाईला शेण, पू, मेलेलं पोर, सगळं हाताळताना पाहिलं होतं. त्यांना ओकारी येताना तेव्हा पाहिलं. वस्तीच्या कुंपणाला धरून त्या वाकल्या आणि ओकल्या.

पुढं काय व्हायचं ते झालं. आतापर्यंत नुसता संशय होता, आता त्याला सोलापूरच्या डॉक्टरिणीचा कागद मिळाला. आठवड्याच्या आत वस्तीवर भावकी जमली. सविताला सोडचिठ्ठी द्यायची, तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न करायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात ना, ते मी त्या दिवशी याचि डोळा पाहिले. तिसऱ्या पोराची माती ओली होती आणि एक पाहुणा आपल्याच पुतणीचं स्थळ घेऊन आला होता. वर म्हणत होता, "आमच्याकडची निरोगी हाय, दाखला आनून देतो." सविताचं गाठोडं अंगणात बांधून ठेवलं होतं. ती त्याच्याशेजारी बसली होती, जणू दुसरं गाठोडं. तिच्या माहेरी तरी तिला कोण घेणार होतं? बाप मेलेला, भाऊ एकही जगलेला नाही.

सिस्टरांना निरोप कळला तशा त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या. वस्तीवर उतरल्या, सरळ भावकीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरगं सवितामुळं गेलं न्हाय. माझ्या सुईनं गेलं."

आबा म्हणाला, "परवा तर तुमीच म्हनत व्हता, आईकडनं येतं."

"माझी कातडी वाचवायला म्हनत व्हते. सुई मी दिली. द्यायची न्हवती, तरी दिली. जखम वाहत व्हती ती तुमी समद्यांनी बघितलीय. दंडावरची. मी जिथं टोचलं तिथंच. आता सांगा, तिला का घालवताय?"

जखम सगळ्यांनी पाहिली होती, हे खरंच होतं. डोळ्यांनी दिसलेल्यापुढं जनुकं बिनुकं कोण मानतो? सासू उठली, कोपऱ्यातल्या सारवणाच्या बादलीत दोन्ही हात घातले आणि शेणकाला सिस्टरांच्या तोंडावर फेकला. पुन्हा घातले, पुन्हा फेकला. त्यांच्या नाकावरून, हनुवटीवरून तो पांढऱ्या साडीवर ओघळत होता. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. त्या आबाच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, तो पाहुणा पायात चपला घालेपर्यंत.

सविताचं गाठोडं कुणीतरी घरात नेलं.

परतताना वाटेतल्या बोअरवर त्यांनी तोंड धुतलं. साबण लावून तीनदा. मी चिडलो होतो. "खोटं कशाला बोललात?"

"खोटं किती आन खरं किती, ते तुमी करा वेगळं. मला करता येत न्हाय." मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "एक काम तुमचं. तिला परत दिवस गेले की लवकर सांगायचं. मुंबईला पोटातच तपासता येतं. ते न्हाय जमलं तर जन्मल्याबरोबर रक्त, आन रक्ताचं कळंपर्यंत सुई न्हाय. निघताना मी तिला बाजूला घेऊन सांगून बघितलं. ती म्हनती, तुमीच तर म्हनला सुईनं गेलं म्हनून. माझं आता ती ऐकायची न्हाय. तुमी सांगनार ना?"

"हो," मी म्हणालो.

मग सगळी वरात निघाली. सिस्टरांच्या क्वार्टरच्या दाराला रोज सकाळी शेण, एकदा कडीला मेलेली घूस. ज्यांच्या पोरांच्या बेंब्या ह्या बाईनं धुतल्या, ते लोक! लसीकरणाच्या दिवशी ओटा रिकामा पडायला लागला. सुक्याबरोबर ओलंही जळतं. धडधाकट पोरांच्या आयाही सुई नको म्हणायला लागल्या. सिस्टर त्याच लोकांच्या दारोदार गेल्या, शिव्या खाल्ल्या, "दुसऱ्या नर्सकडनं घ्या, पन घ्या," म्हणून हात जोडले. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. रागही येतो त्यांचा.

चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं. मला सगळं माहीत होतं: सोलापूरचा अहवाल, सविताची आई, मावशी. मी काय सांगितलं असेल? कुपीची मुदत बरोबर होती, फ्रीजचं तापमान बरोबर होतं. एवढंच. माझा फ्रीज धुतल्या तांदळासारखा निघाला. सिस्टरांची परंड्याकडं बदली झाली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द बोलायला कुणी नाही. मीही गेलो नाही. ज्या माणसाची मला सगळ्यात जास्त किळस येते, त्याला मी रोज दाढी करताना बघतो.

गेल्या उन्हाळ्यात कळंबच्या एसटी स्टँडवर त्या दिसल्या. बाकावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसलेल्या, नाकाला पदर. केस सगळे पांढरे. मी जवळ गेलो तशा म्हणाल्या, "तिकडच्या मुतारीकडनं आलात ना? सरकून बसा." मी हसलो. पोराबाळांची चौकशी झाली. मग त्या समोर बघायला लागल्या.

समोरच्या बाकड्यापाशी सविता उभी होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी, आणि पोट पुढं आलेलं. तिनंही आम्हाला पाहिलं. सिस्टरांना ओळखलं, आणि पटकन मुलीचं तोंड आपल्या पदराखाली घेऊन पाठ फिरवली, दृष्ट लागू नये म्हणून फिरवतात तशी.

सिस्टर तिच्या पाठीकडं बघत होत्या. "पोरगी धड हाय. अंगावर फोड न्हाय, कान वाहत न्हाय," म्हणाल्या. "सासरीच हाय ना अजून?"

"सासरीच."

"सातवा लागला असंल. मुंबईची येळ गेली. तुमी सांगितलं का तिला?"

मी गाड्यांच्या पाटीकडं पाहिलं.

"ह्या मुलीच्या येळंला?"

"मुलगी झाली, सिस्टर..."

"म्हंजी तुमी वाचलात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "भाऊ, मी ते शेन अंगावर घेतलं ते तुमच्या भरवशावर. आता तिला सांगताय, का हे बी पोरगं माझ्याच नावावर घालायचं?"

परंड्याची गाडी लागली. त्या उठल्या, वर्तमानपत्राची घडी केली, पिशवी उचलली आणि गर्दीत कोपर घालून चढल्या. खिडकीजवळची जागा मिळाली. मला वाटलं एकदा तरी बघतील. त्या सविताकडं बघत होत्या. गाडी मागं घेतली, वळली, तरी मान तिकडंच होती.

मी उठलो. समोरच्या बाकड्यापर्यंत वीस पावलंही नसतील, मी वाटेत दोनदा थांबलो. सविता मला ओळखत होती. "काय वो, गोळ्यावाले?" म्हणाली. तोंडात आलेलं सगळं, मुंबई, सोलापूर, रक्त, सुई, पुन्हा आत गेलं. शेवटी एकच विचारता आलं.

"सविता, ह्या मुलीच्या आधी तुला किती झाली?"

तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सासू बरोबर नव्हती. मुलीला कडेवरून खाली उतरवलं, पोटावरचा पदर घट्ट केला.

"तीन," ती म्हणाली. "तिन्ही ल्योकच व्हते."